मराठी विज्ञानकथांतील भावी समाज आणि अंतराळ स्थलांतर

मराठी विज्ञानकथांतील भावी समाज आणि अंतराळ स्थलांतर हा मराठी विज्ञानसाहित्यातील एक आशयविषय आहे. पुढील काळात पृथ्वीवरील समाज कसा असेल, पृथ्वी राहण्याजोगी उरली नाही तर माणूस काय करील, तो अन्य ग्रहांवर वसेल का, आणि वसला तर सोबत कोणाला नेईल, या प्रश्नांभोवती रचलेल्या कथा-कादंबऱ्यांचा यात समावेश होतो. जागतिक विज्ञानसाहित्यात पृथ्वी सोडून जाणाऱ्या मानवाचे चित्रण विपुल आढळते. जयंत नारळीकर यांच्यासारख्या प्रमुख मराठी लेखकाच्या कथांत मात्र संकट बहुधा अंतराळातून येते आणि त्याचा सामना पृथ्वीवर राहूनच केला जातो. पृथ्वी सोडून जाण्यापेक्षा ती राखण्याकडे असलेला हा कल मराठी विज्ञानकथेचे एक लक्षणीय वैशिष्ट्य मानता येईल.

संज्ञा

इंग्रजीतील ‘सायन्स फिक्शन’ या संज्ञेसाठी मराठीत विज्ञानकथा, विज्ञान कादंबरी, विज्ञान काल्पनिका आणि व्यापक अर्थाने विज्ञानसाहित्य हे शब्द रूढ आहेत. अंतराळ, अंतरिक्ष व अवकाश हे तीन शब्द बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात; परंतु ‘अवकाश’ या शब्दाला मोकळी जागा आणि सवड असेही अर्थ असल्याने तांत्रिक लेखनात ‘अंतराळ’ हा शब्द अधिक निःसंदिग्ध ठरतो.

परग्रहावरील मानवी वस्तीसाठी ‘वसाहत’ हा शब्द वापरतात. मराठीत या शब्दाला दोन छटा आहेत. औद्योगिक वसाहत, कामगार वसाहत, पुनर्वसन वसाहत या प्रयोगांत तो केवळ वस्ती दर्शवितो, तर ‘वसाहतवाद’ या शब्दात परक्या भूमीवर सत्ता गाजविण्याचा अर्थ आहे. अंतराळातील वसाहत ही यांपैकी कोणत्या अर्थाची, हा या विषयातील एक मूलभूत प्रश्न आहे.

एखादा ग्रह कृत्रिम उपायांनी पृथ्वीसारखा बनविण्याच्या कल्पनेला मराठीत स्वतंत्र रूढ शब्द नाही. तिच्या जवळ जाणारा परंपरागत शब्द ‘प्रतिसृष्टी’ हा होय. विश्वामित्राने त्रिशंकूसाठी प्रतिसृष्टी निर्माण केल्याची पुराणकथा सर्वपरिचित आहे. सदेह स्वर्गात जाऊ पाहणारा आणि शेवटी ना स्वर्गात ना पृथ्वीवर अशा अवस्थेत अडकलेला त्रिशंकू हे स्थलांतरिताच्या अवस्थेचे भारतीय परंपरेतील जुने रूपक म्हणता येईल.

इतिहास

आरंभ

मराठीत अंतराळप्रवासाची कथा प्रथम भाषांतराच्या वाटेने आली. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांच्या १८६५ सालच्या चंद्रप्रवासविषयक कादंबरीचे भाषांतर कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने केले. ते कोचीनहून निघणाऱ्या ‘केरळकोकिळ’ या मराठी मासिकात १९०० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. स्वतंत्र लेखनात नाथमाधव यांची ‘श्रीनिवासराव’ (१९०८) आणि श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची ‘तारेचे हास्य’ (१९१५) या आरंभीच्या कृतींचा उल्लेख केला जातो.

स्वातंत्र्योत्तर काळात भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या कुमारवयीन वाचकांसाठी मराठीत आणल्या. त्यांपैकी ‘चंद्रावर स्वारी’ व ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ या विशेष लोकप्रिय झाल्या. दुसऱ्या कादंबरीत धूमकेतूच्या धडकेबरोबर पृथ्वीचा एक तुकडा व त्यावरील माणसे अंतराळात ओढली जातात. जाणूनबुजून केलेले हे स्थलांतर नव्हे. तरीही मूठभर माणसांनी परक्या गोलावर संसार मांडण्याची कल्पना अनेक मराठी वाचकांना प्रथम याच पुस्तकातून भेटली. अनंत अंतरकर यांनी सुरू केलेल्या ‘हंस’ व ‘नवल’ या मासिकांनी अद्भुत व वैज्ञानिक कल्पनांवरील कथांना जागा दिली. द. पां. खांबेटे हे या काळातील एक महत्त्वाचे लेखक होत. भयकथांसाठी प्रसिद्ध असलेल्या नारायण धारप यांनीही ‘नेनचिम’ व ‘गोग्रॅमचा चितार’ यांसारखे विज्ञानकल्पनांवर आधारलेले लेखन केले.

मराठी विज्ञान परिषद आणि नारळीकर

२४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेने या साहित्यप्रकाराला नियमित व्यासपीठ मिळवून दिले. १९७४ साली या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव ‘नारायण विनायक जगताप’ असे होते. हे टोपणनाव खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांनी आपली आद्याक्षरे उलट करून घेतले होते, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर यांनी लिहून काढली होती. १९७५ साली कऱ्हाड येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली.

नारळीकर १९७२ साली केंब्रिजमधील वास्तव्य संपवून भारतात परतले होते. परदेशातील वैज्ञानिक कारकीर्द सोडून मायदेशी परतलेल्या लेखकाच्या कथांत दूरचा प्रवास आणि परतणे हे विषय यावेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘यक्षांची देणगी’ (१९७९) हा त्यांचा पहिला कथासंग्रह. ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ व ‘अभयारण्य’ या त्यांच्या कादंबऱ्या होत. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

समकालीन व पुढील लेखक

बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, अरुण मांडे आणि शुभदा गोगटे यांनी विज्ञानकथेचा विस्तार केला. लोंढे यांनी चिंतामणी देशमुख यांच्यासह ‘देवांसि जिवे मारिले’ ही विज्ञान कादंबरी लिहिली. लोंढे यांच्या ‘दुसरा आइनस्टाइन’ या कथेचे इंग्रजी भाषांतर अमेरिकन समीक्षक जेम्स गन यांनी संपादित केलेल्या जागतिक विज्ञानकथांच्या संकलनात (१९९८) समाविष्ट झाले. फोंडके यांनी भारतीय भाषांतील १९ विज्ञानकथांचे एक इंग्रजी संकलन संपादित केले. ते नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ साली प्रसिद्ध केले. अलीकडच्या पिढीत मेघश्री दळवी यांचे लेखन उल्लेखनीय आहे. ‘धनंजय’, ‘नवल’ यांसारखे दिवाळी अंक हे या साहित्याचे एक प्रमुख माध्यम राहिले आहे.

भावी समाजाची चित्रे

मराठी विज्ञानकथेतील भावी समाज हा बहुधा फार दूरच्या भविष्यातील नसतो. वर्तमानातील एखादी प्रवृत्ती थोडी पुढे नेली तर काय होईल, असा तिचा विचार असतो. त्याचे ठळक प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

लोकसंख्येचा तोल. नारळीकर यांच्या ‘पुत्रवती भव’ या कथेत मुलगाच व्हावा अशी निवड करण्याचे साधन समाजाच्या हाती येते आणि त्याचे परिणाम साऱ्या समाजाला भोगावे लागतात. गर्भलिंगनिदानाच्या गैरवापरावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला. विज्ञानकथेने मांडलेला प्रश्न आणि विधिमंडळापुढे आलेला प्रश्न एकच असल्याचे हे मराठीतील एक स्पष्ट उदाहरण आहे.

यंत्राधीन समाज. शुभदा गोगटे यांच्या ‘यंत्रायणी’ या कादंबरीत यंत्रांवर विसंबलेल्या मानवी जीवनाची कल्पना केलेली आहे. खंडाळ्याच्या घाटातील रेल्वेमार्गाच्या उभारणीवर ‘खंडाळ्याच्या घाटासाठी’ ही ऐतिहासिक कादंबरी याच लेखिकेने लिहिली. एका कादंबरीत यंत्रयुग आणण्यासाठी राबलेली माणसे आहेत, तर दुसरीत यंत्रयुगाच्या टोकाला पोहोचलेली. नारळीकर यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत पृथ्वीवर पूर्वी नांदून गेलेल्या एका प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो, त्यातील माहितीवरून ‘वामन’ हा बुद्धिमान यंत्रमानव घडविला जातो, आणि ती संस्कृती कशामुळे लयास गेली असावी हे हळूहळू उलगडते. पाऊलभर भूमी मागून सर्वस्व घेणाऱ्या वामनाची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना शीर्षकातील सूचना वेगळी सांगावी लागत नाही.

हवामान व पर्यावरण. हिमयुगाच्या पुनरागमनावरील नारळीकर यांच्या कथेत मुंबईत बर्फ पडतो. वातावरणात साचलेल्या सूक्ष्म कणांमुळे सूर्याची उष्णता अडते आणि पृथ्वी गोठू लागते, ही तिची वैज्ञानिक बैठक होय. सुबोध जावडेकर यांची ‘आकांत’ ही कादंबरी डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायुदुर्घटनेशी संबंधित आहे. भविष्याची भीती वर्तमानातच साकार झाल्याचे ते उदाहरण आहे.

पर्यायी समाज. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या नारळीकर यांच्या कथेत १७६१ च्या पानिपतच्या लढाईत मराठे विजयी झाले असते तर हिंदुस्थानात कोणता समाज उभा राहिला असता, याचे चित्र आहे. ही कथा भविष्यातील नसली तरी समाजाला एकच एक वाट नसते, हा तिचा विचार भावी समाजाच्या कथांशी नाते सांगतो.

अंतराळ स्थलांतराची कल्पना

जागतिक साहित्यात

एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ (१८९८) या कादंबरीत मंगळ थंड व निर्जीव होत चालल्यामुळे तेथील प्राणी पृथ्वीवर चाल करून येतात. स्थलांतर करणारा पक्ष येथे आक्रमक आहे, आणि युरोपीयांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांचा जो संहार केला त्याची आठवण वेल्स यांनी स्वतःच करून दिली आहे. रे ब्रॅडबरी यांच्या मंगळविषयक कथामालेत (१९५०) मंगळावर वसलेली माणसे पृथ्वीवर युद्ध पेटल्याचे कळताच बहुसंख्येने माघारी परततात. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या कादंबरीत (१९६६) चंद्र ही कैद्यांची वसाहत असून ती पृथ्वीविरुद्ध बंड करते. अर्सुला ले ग्वीन यांच्या ‘द डिस्पझेस्ड’ (१९७४) या कादंबरीत मालमत्ता व राज्यसंस्था नाकारणारे लोक एका रुक्ष उपग्रहावर जाऊन वेगळा समाज उभारतात.

किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या मंगळविषयक कादंबरीत्रयीत (१९९२–९६) वसाहतीचे राजकारण, तिची राज्यघटना आणि मंगळ बदलावा की आहे तसा ठेवावा हा वाद विस्ताराने येतो. चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांच्या ‘द वॉन्डरिंग अर्थ’ (२०००) या कथेत माणसे पृथ्वी सोडत नाहीत. सूर्याच्या संकटातून वाचण्यासाठी पृथ्वीच दुसरीकडे हलवितात. ‘वॉल-ई’ (२००८) या चित्रपटात कचऱ्याने भरलेली पृथ्वी सोडून गेलेली मानवजात अखेर परत येते.

मराठी विज्ञानकथेत

नारळीकर यांच्या ‘धूमकेतू’ या कथेत एका हौशी आकाशनिरीक्षकाला सापडलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असल्याचे गणित निघते. त्यावरचा उपाय पलायनाचा नसून, अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून धूमकेतूचा मार्ग बदलण्याचा आहे. हिमयुगाच्या कथेतही अग्निबाण सोडले जातात, पण ते माणसांना अन्यत्र नेण्यासाठी नव्हेत. वातावरणातील थर नाहीसा करून पृथ्वी पुन्हा उबदार करण्यासाठी ते वापरले जातात. त्या कथेत स्थलांतराचा सल्ला दिला जातो तो विषुववृत्ताजवळच्या इंडोनेशियाकडे जाण्याचा. म्हणजे स्थलांतराचा विचार आहे, परंतु तो पृथ्वीच्या पाठीवरचा आहे.

‘प्रेषित’ या कादंबरीत प्रवासाची दिशाच उलट होते. परग्रहावरून पाठविलेला एक मुलगा पृथ्वीवर माणसांमध्ये वाढतो. स्थलांतरित म्हणून परक्या समाजात वाढणे, आपले मूळ उशिरा कळणे आणि दोन घरांपैकी कोणते आपले हे ठरविण्याची वेळ येणे, हे प्रश्न येथे परग्रहवासीयाच्या वाट्याला येतात. ‘अभयारण्य’ या कादंबरीत पृथ्वीवरील जीवसृष्टी जपण्याजोगी आहे, हे परग्रहवासीयांच्या दृष्टीतून दिसते. पृथ्वीची किंमत माणसाला कळत नसून ती बाहेरच्यांना कळते, हा त्यातील मर्मभेद आहे.

‘कृष्णविवर’ या कथेत वैज्ञानिक कारणाने घडणारी काळाची तफावत महत्त्वाची आहे. प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंद गतीने सरकतो, असे सामान्य सापेक्षता सिद्धांत सांगतो. त्यामुळे दूरच्या प्रवासाहून परतणाऱ्याला आपल्या माणसांचे जग पुढे निघून गेलेले आढळू शकते. अनेक वर्षांनी गावी परतलेल्या माणसाचा अनुभव भौतिकशास्त्राच्या नियमातून मांडण्याची ही सोय विज्ञानकथेला लाभली आहे.

वैज्ञानिक वास्तव

कथांतील स्थलांतराची शक्यता तपासण्यासाठी काही मूलभूत बाबी ध्यानात घ्याव्या लागतात.

अंतर: चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर अंतरावर आहे. मंगळापर्यंतच्या प्रवासाला आजच्या तंत्राने साधारणतः सात महिने लागतात. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या व्हॉयेजर-१ यानासारख्या यानाला तेवढे अंतर कापण्यास सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील.

निसर्ग: मंगळावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के असून तेथील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. त्या हवेत सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. तेथे श्वासोच्छ्वासाजोगी हवा नाही आणि घातक प्रारण अडविणारे जागतिक चुंबकीय क्षेत्रही नाही.

शरीर: वजनरहित अवस्थेत शरीराचा भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक टक्का घटते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नोव्हेंबर २००० पासून सतत मानवी वास्तव्य आहे. परंतु ते स्थानक पृथ्वीपासून केवळ चारशे किलोमीटर उंचीवर आहे आणि अन्नासाठी पृथ्वीवरच अवलंबून आहे.

बंदिस्त सृष्टी: अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ‘बायोस्फिअर-२’ या बंदिस्त प्रकल्पात १९९१ ते १९९३ या काळात आठ माणसे दोन वर्षे राहिली. आतील ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांपर्यंत उतरले आणि बाहेरून ऑक्सिजन पुरवावा लागला. मातीतील सूक्ष्मजीवांनी अपेक्षेहून अधिक ऑक्सिजन वापरला आणि निर्माण झालेला कार्बन डायऑक्साइड बांधकामातील काँक्रीटने शोषून घेतला, असे नंतर आढळले. पृथ्वी जे काम विनासायास करते त्याची छोटी प्रतिकृतीही किती कठीण आहे, याचा हा धडा होता.

लोकसंख्या: जगाची लोकसंख्या नोव्हेंबर २०२२ मध्ये ८०० कोटींवर पोहोचली आणि ती दरवर्षी सुमारे सात कोटींनी वाढते. केवळ ही वाढ अन्यत्र हलवायची म्हटली तरी दररोज जवळजवळ १ लाख ९० हजार माणसे अंतराळात पाठवावी लागतील. मानवी अंतराळप्रवास १९६१ साली सुरू झाला. त्यानंतरच्या सहा दशकांत अंतराळात जाऊन आलेल्या माणसांची एकूण संख्या शेकड्यांतच मोजता येते. यावरून स्पष्ट होते की, अंतराळ स्थलांतर प्रत्यक्षात आले तरी ते मूठभरांचेच असेल. उरलेल्यांचे भवितव्य पृथ्वीच्या भवितव्याशीच बांधलेले राहील.

स्थलांतराचा सामाजिक प्रश्न

यानातील जागा मोजक्या असतील तर त्या कोणाला मिळतील, हा अंतराळ स्थलांतराच्या कथांतील नैतिक गाभा आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात स्थलांतराचे अनेक अनुभव आहेत आणि मराठी वाचक या कथा त्या पार्श्वभूमीवर वाचतो.

भूगोल बदलला की वस्ती हलते, याचे एक उदाहरण पालघर जिल्ह्यातील सोपारा (प्राचीन शूर्पारक) हे होय. वसई परिसरातील निर्मळच्या शेजारचे हे गाव एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते. भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि समुद्री व्यापार अन्य बंदरांकडे वळला. गाव उरले, बंदर गेले.

एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला गेलेले मराठी मजूर करारबद्ध होते. त्यांच्या वंशजांनी तेथे मराठी भाषा व सण जपले. अंतराळातील वसाहतीचे श्रम कोण करील आणि त्याला परतीचे भाडे परवडेल काय, हा प्रश्न या इतिहासामुळे काल्पनिक राहत नाही. जेम्स एस. ए. कोरी या नावाने लिहिलेल्या ‘एक्स्पान्स’ या कादंबरीमालेत (२०११ पासून) लघुग्रहांच्या पट्ट्यातील कामगारांची अल्प गुरुत्वाकर्षणात वाढलेली शरीरे पृथ्वीवर जगण्यास असमर्थ ठरतात. त्यांना परतण्याची वाट उरत नाही आणि त्यांची बोलीही निराळी होते.

कोयनेसारख्या धरणांनी विस्थापित झालेल्या गावांचा अनुभव तिसऱ्या प्रकारचा आहे. तेथे लोकांनी गाव सोडले नाही. गावच पाण्याखाली गेले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने १९७६ साली कायदा केला. पुनर्वसित वस्तीला जुन्या गावाचेच नाव देण्याची रीत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आढळते. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळते, पण देवराई, नदीचा घाट, शेजार आणि वहिवाट यांचा मोबदला हिशेबात बसत नाही. परग्रहावरील वसाहतीच्या कथेत हवा, पाणी व अन्न यांचे गणित काटेकोर असते. गाव या शब्दात याहून अधिक काय सामावलेले असते, याचा शोध मराठी लेखकाला आपल्याच अनुभवातून घेता येतो.

कायदेशीर बाजू

१९६७ च्या बाह्य अंतराळ करारानुसार चंद्र व अन्य खगोलीय वस्तूंवर कोणत्याही राष्ट्राला सार्वभौम हक्क सांगता येत नाही. भारत या कराराचा सदस्य आहे. चंद्रावरील साधनसंपत्तीला मानवजातीचा सामाईक वारसा मानणाऱ्या १९७९ च्या चंद्रकरारावर भारताने १९८२ मध्ये स्वाक्षरी केली. मात्र त्याला अनुसमर्थन दिले नाही. चंद्रसंशोधनातील सहकार्याविषयीच्या आर्टेमिस करारांवर भारताने जून २०२३ मध्ये स्वाक्षरी केली, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. परग्रहावर जन्मलेल्या व्यक्तीचे नागरिकत्व, वसाहतीतील जमिनीची मालकी व तेथील कामगारांचे हक्क यांविषयी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय नियम अद्याप नाहीत. विज्ञानकथा ही सध्या या प्रश्नांच्या चर्चेची एक महत्त्वाची जागा आहे.

वैशिष्ट्ये व मर्यादा

मराठी विज्ञानकथेच्या उभारणीत व्यावसायिक शास्त्रज्ञ व अभियंते यांचा वाटा मोठा आहे. नारळीकर खगोलशास्त्रज्ञ, फोंडके जीवशास्त्रज्ञ व जावडेकर रासायनिक अभियंता. त्यामुळे वैज्ञानिक तपशिलाचा काटेकोरपणा हे तिचे बलस्थान ठरले. पुराणकथांतील नावे व प्रतिमा आधुनिक आशयासाठी वापरणे हे दुसरे वैशिष्ट्य. यक्ष, वामन, भस्मासुर ही नावे शीर्षकांतच आढळतात. चमत्कारामागील कार्यकारणभाव उलगडून दाखविणे आणि अंधश्रद्धेला विरोध करणे हा तिचा सातत्याने जपलेला हेतू आहे.

याच गोष्टींतून काही मर्यादाही निर्माण झाल्या. कथेचा नायक बहुधा शहरी, सुशिक्षित शास्त्रज्ञ असतो आणि घटना प्रयोगशाळा, परिषद किंवा मंत्रालय येथे घडतात. शेतकरी, मच्छीमार, आदिवासी, कारखान्यातील कामगार यांच्या दृष्टीतून पाहिलेला भावी समाज मराठीत अल्प आहे. स्त्री-पात्रे अनेकदा दुय्यम राहतात. या दृष्टीने शुभदा गोगटे व मेघश्री दळवी यांचे लेखन वेगळे उठून दिसते. परग्रहावर अनेक पिढ्या नांदलेल्या समाजाचे, तेथील भाषेचे व रीतीरिवाजांचे विस्तृत चित्र रंगविणाऱ्या दीर्घ कादंबऱ्याही मराठीत मोजक्याच आहेत. कथेचा आटोपशीर घाट आणि दिवाळी अंकांतील मर्यादित पृष्ठसंख्या ही त्याची काही कारणे असू शकतात.

शिक्षणातील स्थान

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचे इंग्रजी रूप राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने समाविष्ट होते. मराठी विज्ञान परिषदेची स्पर्धा नवोदित लेखकांना उपलब्ध आहे. अध्यापनाच्या दृष्टीने हा विषय मराठी, विज्ञान, भूगोल व नागरिकशास्त्र यांना जोडणारा आहे. यानात शंभर माणसांना जागा असेल तर ती कशी निवडावीत, आणि न निवडलेल्यांप्रती निवडलेल्यांचे कर्तव्य काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे चर्चेसाठी ठेवता येतो. त्याचे उत्तर विज्ञानाच्या पुस्तकात नाही. मात्र विज्ञान जाणल्याखेरीज ते देताही येत नाही.

हेही पहा

विज्ञानकथा
जयंत नारळीकर
मराठी विज्ञान परिषद
भा. रा. भागवत
बाह्य अंतराळ करार
सोपारा